किसुमूत मुलांची शाळा: नव्यानं येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

केनियात नोकरी लागली म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर नैरोबीच येतं. पण साखर कारखाने, औषधांचा व्यापार, बांधकाम, निरनिराळ्या संस्थांची कामं अशा निमित्तानं आपल्यापैकी काही जण पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, किसुमूलाही येऊन पोचतात. नैरोबीहून रस्त्यानं साधारण ३५० किलोमीटर, विमानानं तासाभराच्या आत. मोठ्या माणसांचं इथं पटकन जमतं. हवा बरी, माणसं बोलकी, गुजराती दुकानांत तूरडाळ-पोहे मिळतात. गाडी अडते ती मुलांच्या शाळेपाशी.

बहुतेक जण आधी घर घेतात, मग घराजवळची शाळा बघतात आणि परत जायची वेळ आली की बोर्डाची चिंता करतात. माझं म्हणणं एवढंच, की हा क्रम उलटा करा. आधी परतीचा अंदाज, त्यावरून अभ्यासक्रम, त्यावरून शाळा आणि घर सगळ्यात शेवटी. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं दिल्या आहेत.

पायरी १: निघण्याआधी घरीच बसून करायची कामं

करार दोन वर्षांचा आहे की पाच, याचं प्रामाणिक उत्तर द्या. मूल परत येईल तेव्हा कोणत्या इयत्तेत असेल ते कागदावर लिहा. उत्तर ‘दहावी’ किंवा ‘बारावी’ येत असेल तर आत्ताच सावध व्हा. सीबीएसईची नोंदणी नववीतच होते आणि दहावीच्या वर्षात परदेशातून थेट येऊन बसणं फार अवघड जातं. अशा वेळी नववीच्या सुरुवातीला परतायचं ठरवा, नाहीतर बारावीपर्यंतचं शिक्षण बाहेरच पूर्ण करायचं ठरवा. परदेशी बोर्डाच्या दहावी-बारावीवर भारतात कॉलेजप्रवेश घ्यायचा तर भारतीय विश्वविद्यालय संघाचं, म्हणजे एआययूचं, समकक्षता प्रमाणपत्र लागतं, हेही आत्ताच डोक्यात असू द्या.

आता कागदपत्रं. मुलाचा जन्मदाखला (इंग्रजीत हवा, मराठी दाखल्याचं अधिकृत भाषांतर करून घ्या), पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाचं कार्ड आणि पासपोर्ट आकाराचे भरपूर फोटो. सगळ्याच्या स्कॅन प्रती ईमेलवर ठेवा, कारण इथला इमिग्रेशनचा कारभार बराचसा ऑनलाइन चालतो. तुमच्या वर्क परमिटवर मुलाला डिपेंडंट पास मिळतो आणि शाळेत शिकण्यासाठी प्युपिल्स पास असा वेगळा कागद असतो. तो कोण काढणार, कंपनी की शाळा की तुम्ही, हे निघण्याआधीच कंपनीला विचारा. इथं आल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पिवळ्या तापाची लस भारतातच घ्या, मुलांनाही (नऊ महिन्यांपेक्षा लहान बाळाचं डॉक्टरांना विचारा). ती केनियापेक्षा भारतासाठी जास्त लागते: केनियातून भारतात परतताना विमानतळावर पिवळं कार्ड मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग ते आयुष्यभर चालतं.

बॅगा भरताना एक गोष्ट सांभाळा. चपला एका कॅरीबॅगेत, लोणच्याची बरणी दुसऱ्या कॅरीबॅगेत, ही आपली सवय इथं चालत नाही. केनियानं ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी घातली आहे आणि ती कागदावरची बंदी नाही. कापडी पिशव्या आणा. मुलांचा स्टीलचा डबा आणि स्टीलची बाटलीही आणा.

पायरी २: इयत्तांचं कोडं सोडवा

केनियाची शिक्षणपद्धत सध्या बदलाच्या वाटेवर आहे. १९८५ पासून इथं आठ-चार-चार असा साचा होता: आठ वर्षं प्राथमिक, चार माध्यमिक, चार विद्यापीठ. २०१७ पासून त्याच्या जागी क्षमतेवर आधारित अभ्यासक्रम आणायला सुरुवात झाली. तोंडी सगळे त्याला सीबीसी म्हणतात, अलीकडे सरकारी कागदांवर सीबीई असंही दिसतं. जुन्या आठवीची परीक्षा २०२३ मध्ये शेवटची झाली. शेजारची आजी जेव्हा ‘स्टँडर्ड एट’ आणि ‘फॉर्म टू’ म्हणते तेव्हा ती जुन्या पद्धतीतलं बोलते आहे, हे लक्षात घ्या.

नवी पद्धत आपल्याला सोयीची आहे, कारण आकडे जुळतात. पीपी-१ आणि पीपी-२ म्हणजे आपले छोटा आणि मोठा शिशू. मग ग्रेड १ ते ६ प्राथमिक, ७ ते ९ ज्युनिअर स्कूल, १० ते १२ सीनिअर स्कूल. सहावीच्या आणि नववीच्या शेवटी राष्ट्रीय पातळीवरचं मूल्यमापन होतं. ग्रेड १० ला तीन वाटा फुटतात: विज्ञान-तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रं, आणि कला व क्रीडा. या पद्धतीतली पहिली तुकडी जानेवारी २०२६ मध्ये दहावीत गेली, म्हणजे वरच्या वर्गांची घडी अजून बसते आहे. मूल मोठं असेल तर हे वजनात धरा.

वर्ष जानेवारीत सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतं. तीन टर्म, मध्ये एप्रिल आणि ऑगस्टच्या सुट्ट्या, शेवटी नोव्हेंबर-डिसेंबरची लांब सुट्टी. भारतात एप्रिलमध्ये तिसरी संपवून मेमध्ये इथं आलात की प्रश्न उभा राहतो: तिसरीत बसवायचं की चौथीत? चौथीची पहिली टर्म तर होऊन गेलेली असते. पाचवीच्या आतलं मूल असेल तर मी सरळ सांगेन, तिसरीतच बसवा. सात-आठ महिन्यांनी जानेवारीत ते चौथीत जातंच, आणि तोवर किस्वाहिली, म्हणजे इथली राष्ट्रभाषा, कानावर पडून गेलेली असते. मोठ्या मुलांच्या बाबतीत शाळा छोटी परीक्षा घेते, ती काय म्हणते ते बघा. ‘आमचा हुशार आहे, वरच्या वर्गात घ्या’ असा आग्रह पालक धरतात आणि त्याचं ओझं मुलाच्या पाठीवर पडतं. केंब्रिज अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष बहुधा सप्टेंबरला सुरू होतं. त्यांच्याकडे जायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये येणं उत्तम.

पायरी ३: कोणत्या प्रकारची शाळा

सरकारी शाळा, केनियाचाच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या खासगी शाळा आणि केंब्रिजसारखा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम असलेल्या शाळा, असे ढोबळ तीन प्रकार.

सरकारी प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे, त्यामुळे वर्ग भरगच्च असतात. जेवण, गणवेश वगैरेचा खर्च पालकांकडे. माध्यमिकमध्ये किसुमू बॉइज, किसुमू गर्ल्स ही नावं शहरात मानानं घेतली जातात. जरा बाहेर, बुसियाच्या रस्त्याला, १९०६ मध्ये मिशनऱ्यांनी सुरू केलेलं मासेनो स्कूल आहे. स्वतंत्र केनियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष जारामोगी ओगिंगा ओडिंगा आणि बराक ओबामांचे वडील, दोघं तिथलेच विद्यार्थी. केनियातल्या नामवंत माध्यमिक शाळांपैकी बऱ्याच निवासी आहेत. चौदा वर्षांचं मूल बोर्डिंगला जाणं इथं अभिमानाची गोष्ट आहे. आपल्याकडच्या आया ते ऐकून दचकतात.

खासगी आणि संस्थांच्या शाळांत आगाखान, आर्य, जलाराम ही नावं तुमच्या कानावर लगेच येतील. यामागे शहराचा इतिहास आहे. मोंबासाहून निघालेली रेल्वे डिसेंबर १९०१ मध्ये इथं सरोवराला येऊन टेकली, तेव्हा या ठिकाणाला पोर्ट फ्लॉरेन्स म्हणत. रूळ टाकायला तीस हजारांहून जास्त हिंदी मजूर आणले होते, त्यात पंजाबी बहुसंख्य. मागोमाग गुजराती व्यापारी आले. देऊळ, गुरुद्वारा आणि शाळा त्यांनी जिथं वस्ती केली तिथं उभ्या राहिल्या. मराठी घरं मात्र इथं बोटांवर मोजण्याइतकी, महाराष्ट्र मंडळ आहे ते नैरोबीला.

आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये ब्रेबर्न आहे. फी अर्थातच वेगळ्या पातळीवरची.

आपले लोक कंपनी फी देते म्हणून डोळे मिटून आंतरराष्ट्रीय शाळा घेतात. माझं मत वेगळं आहे. मूल सहावीच्या आत असेल आणि मुक्काम दोन-तीन वर्षांचा असेल तर केनियाचा अभ्यासक्रम शिकवणारी चांगली खासगी शाळा घ्या. मुलाला इथले मित्र मिळतात, किस्वाहिली येते, शेती-स्वयंपाक-हस्तकला यांना अभ्यासात मानाची जागा असते. सातवीच्या पुढचं मूल असेल आणि परतीचं गाव नक्की नसेल तर केंब्रिज बरं, कारण ते दुबईतही सापडतं आणि पुण्यातही.

केनियाच्या अभ्यासक्रमात धर्मशिक्षण हा विषय असतो आणि त्यात ख्रिस्ती, इस्लाम यांच्या बरोबरीनं हिंदू धर्मशिक्षणाचाही अभ्यासक्रम आहे. हिंदू, जैन, बौद्ध आणि शीख अशा चारही परंपरा त्यात येतात. पण तो शिकवायला शिक्षक आहे का, हे त्या शाळेला विचारावं लागतं. नसेल तर मूल ख्रिस्ती धर्माच्या तासाला बसतं. बहुतेक मुलं नोआच्या गोष्टी आवडीनं ऐकतात आणि कोणाचं काही बिघडत नाही.

पायरी ४: शाळा प्रत्यक्ष बघा, आणि दोनदा बघा

एकदा मुख्याध्यापकांची वेळ घेऊन आणि एकदा न सांगता, सकाळी शाळा भरताना किंवा दुपारी सुटताना फाटकाबाहेर उभं राहून.

फाटकावर अस्कारी, म्हणजे रखवालदार, भेटेल. त्याच्या टेबलावर रेघा आखलेली जाड वही असते, दोरीनं बांधलेलं पेन असतं. रकाने ठरलेले: तारीख, नाव, ओळखपत्र क्रमांक, फोन, कोणाला भेटायचं, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सही. ती वही नीट चाळून भरून घेणारा अस्कारी दिसला की शाळेबद्दल अर्धी खात्री पटते. तुमच्या गाडीकडे बघून ‘जा, जा’ म्हणणारा असेल तर तो इतरांनाही तसंच सोडत असणार. त्याच्याशी बोलताना आधी नमस्कार-चमत्कार करा. ‘हाबारी’ म्हणा, हात मिळवा, मग काम सांगा. थेट ‘ऑफिस कुठंय?’ असं विचारणं इथं उद्धटपणाचं वाटतं, मग समोर रखवालदार असो की मुख्याध्यापिका.

आत गेल्यावर कॉम्प्युटर लॅब दाखवतीलच. तुम्ही स्वच्छतागृहं बघा, हात धुवायच्या नळाला पाणी आहे का बघा, पिण्याचं पाणी कुठून येतं विचारा. एका वर्गात किती मुलं, शिक्षक किती वर्षं टिकून आहेत, मूल आजारी पडलं तर कोण बघतं. आणि छडीबद्दल स्पष्ट विचारा. २०१३ च्या कायद्यानं शाळेत मारणं बेकायदा आहे, पण जुनी सवय सगळीकडून गेली आहे असं नाही. मुख्याध्यापक या प्रश्नावर हसून विषय बदलतात की नियम सांगतात, यावरून कळतं.

पायरी ५: आता घर

शाळा ठरली की नकाशा उघडा. किसुमूत अंतरं छोटी आहेत, पण सकाळचा रस्ता छोटा नाही. सरोवराजवळचं मिलिमानी शांत, झाडांचं आणि महाग. मिगोसी, टॉम म्बोया, लोल्वे या मध्यमवर्गीय वसाहती. काकामेगा रस्त्यावर चढ चढून गेलं की रियात, तिथं हवा जरा थंड आणि खाली सरोवर पसरलेलं दिसतं. पूर्वेला न्यामासारियाकडे, कानोच्या सपाट भागात, जमीन विदर्भातल्यासारखी काळी, चिकट. भाडं कमी असतं, पण मार्च ते मेच्या पावसात त्या बाजूला पाणी भरतं. घर उन्हात बघू नका, पावसात बघा. नाहीच जमलं तर भिंतीवरच्या ओलीच्या रेषा बघा.

शाळेची गाडी असेल तर ती ओळखायला सोपी, पिवळी. शाळेच्या वाहनांना पिवळा रंग कायद्यानंच लागतो. गाडीच्या मार्गात तुमचं घर पहिलं असेल तर मूल सर्वांत आधी चढतं आणि शेवटी उतरतं. इथं विषुववृत्तावर वर्षभर सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, म्हणजे लांबच्या मुलांना अंधारातच तयार व्हावं लागतं. हेच घर मार्गाच्या दुसऱ्या टोकाला घेतलं तर तासभर झोप वाचते.

चालकाशी वेळ ठरवताना एक खबरदारी. किस्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात: सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. इंग्रजीत बोलताना अडचण येत नाही, पण मिसळून बोललं की गोंधळ होतो. वेळ मेसेजवर लिहून घ्या.

गाडी नसेल तर ओळखीचा टुकटुक, म्हणजे रिक्षा, महिन्यावर लावता येतो. दोन-तीन घरं मिळून लावतात. बोडा-बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, मोठ्यांच्या घाईच्या कामाला ठीक. एका बोडावर गणवेशातली तीन मुलं बसलेली रोज दिसतील. ते बघून आपण तसं करायचं नाही.

पायरी ६: प्रवेश आणि पैसे

सगळ्यात आधी सिमकार्ड पासपोर्टवर नोंदवून एम-पेसा सुरू करा. २००७ पासून केनिया याच फोनवरच्या पैशांवर चालतो आणि शाळेची फीसुद्धा बहुतेक ठिकाणी ‘पेबिल’ क्रमांकावर, म्हणजे एम-पेसावर पैसे भरायच्या शाळेच्या क्रमांकावर, भरतात. खातेक्रमांकाच्या जागी मुलाचा प्रवेश क्रमांक टाकायचा. तो एका आकड्यानं चुकला तर पैसे दुसऱ्या मुलाच्या खात्यात दिसतात आणि मग हिशेबनिसाच्या खिडकीत चकरा. आलेला मेसेज पुसू नका.

शाळेकडून छापील फीपत्रक मागून घ्या आणि त्यात नसलेलं काय काय ते तोंडी विचारून बाजूला लिहा. टर्मची फी वेगळी, प्रवेश शुल्क वेगळं, अनामत, गाडी, जेवण, पोहणं, सहली, पुस्तकं. आणखी एक ओळ शोधा: शाळा सोडण्याची नोटीस. खासगी शाळांत पूर्ण एका टर्मची लेखी नोटीस मागण्याची पद्धत आहे, नाहीतर एका टर्मची फी किंवा अनामत जाते. कंपनीनं अचानक बदली केली तर हा भुर्दंड कोण सोसणार, ते कंपनीकडून लिहून घ्या. सोडताना शाळा सोडल्याचा दाखला आणि सगळे अहवाल सही-शिक्क्यासह हवेत, हेही त्याच वेळी कानावर घालून ठेवा.

पायरी ७: पहिले काही आठवडे

गणवेशात लोकरी स्वेटर असतो. सरोवराकाठच्या उकाड्यात हा कशाला असं वाटेल, पण सकाळी मुलं तो घालतात आणि दहा वाजेपर्यंत कमरेला बांधतात. स्वेटरच सगळ्यात जास्त हरवतो, तेव्हा आतून नाव शिवा. काळे बूट बाटाचे ‘टफीज’ घेतले की बरेच दिवस बघायला नको. कानातलं, हातातला दोरा, केसांची लांबी यांबद्दल प्रत्येक शाळेचे नियम वेगळे. आधीच विचारलं की मुलाला वर्गासमोर उभं राहावं लागत नाही.

शाळेत तुम्हाला तुमच्या नावानं फारसं कोणी ओळखणार नाही. मुलगी अदिती असेल तर तुम्ही ‘मामा अदिती’ आणि ‘बाबा अदिती’. यात आपलेपणा आहे. शिक्षकांना ‘टीचर’ किंवा ‘मॅडम’ चालतं, ‘म्वालिमू’ म्हटलं तर खूश होतात. वर्गात ओतिएनो आणि आचिएंग अनेक निघतील, कारण लुओ या इथल्या मुख्य जमातीत जन्मवेळेवरून नाव ठेवतात: रात्रीचा ओतिएनो, सकाळची आकिन्यी, पावसातला ओकोथ. मुलांची नावं बहुतेक ‘ओ’ने आणि मुलींची ‘आ’ने सुरू होतात, एवढं कळलं तरी वर्गाची यादी वाचायला सोपी जाते. ‘एरोकामानो’ म्हणजे धन्यवाद. एवढा एक लुओ शब्द शिकून गेलात तरी शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बाया तुमच्या मुलाला नावानं ओळखू लागतील.

आणि त्यांनी ओळखणं गरजेचं आहे, विशेषतः मूल शाकाहारी असेल तर. दहाच्या सुट्टीत बऱ्याच शाळांत उजी मिळते, मक्याची किंवा नाचणीची पातळ पेज. आंबील पिणाऱ्या घरातल्या मुलाला ती चटकन आवडते. जेवणात गिथेरी (मका आणि घेवड्याचे दाणे एकत्र शिजवून), डेंगू म्हणजे मूग, भात, चपाती, उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) आणि सुकुमा विकीची पालेभाजी. हे सगळं शाकाहारीच, पण रस्सा मटणाचा असू शकतो, आणि ओमेना ही बारीक सुकी मासळी इथली रोजची. ‘शाकाहारी’ एवढंच सांगून भागत नाही, कारण कोंबडी आणि मासे बऱ्याच जणांच्या हिशेबी मांसात येत नाहीत. ‘मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, त्यांचा रस्साही नाही’ असं फोड करून लिहून द्या. ज्वारी इथं मुबलक पिकते, किबुयेच्या बाजारात दाणे मिळतात. दळून आणलीत तर डब्यात भाकरीही जाऊ शकते.

वर्ग सकाळी ८ ते दुपारी साडेतीन, पुढे खेळ. सोमवारी आणि शुक्रवारी झेंडावंदन असतं, मुलाला केनियाचं राष्ट्रगीत किस्वाहिलीतून म्हणावं लागतं. ते पहिल्याच आठवड्यात घरी पाठ करून घ्या.

पायरी ८: घरचा अभ्यास

सीबीसीत पालकांनाही अभ्यास असतो. रात्री आठ वाजता वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येतं: ‘प्रिय पालक, उद्या मुलांनी जुन्या कापडाची बाहुली, तीन प्रकारच्या बिया आणि मातीचं भांडं आणावं.’ वर ‘काम करतानाचा फोटो छापून’. यावर केनियन पालकही वैतागतात. घरात एक खोका ठेवा: कापडाचे तुकडे, सुतळी, रिकाम्या बाटल्यांची झाकणं, पुठ्ठे, बिया, डिंक. जवळचं सायबर कॅफे रात्री कितीपर्यंत उघडं असतं ते माहीत करून घ्या.

निकालात टक्के आणि नंबर शोधू नका. अपेक्षेपेक्षा पुढे, अपेक्षेप्रमाणे, अपेक्षेच्या जवळ आणि अपेक्षेच्या खाली, असे चार मुख्य स्तर असतात. आजोबांना फोनवर हे समजावणं हे वेगळंच काम.

किस्वाहिली पहिलीपासून सक्तीची आहे आणि नव्या मुलाचं तिथंच अडतं. शिकवणी लावायची तर याच विषयाची लावा, गणिताची नको. दुसरीकडे, महाराष्ट्रात परतायचं असेल तर २०२० च्या कायद्यानुसार तिथल्या सगळ्या शाळांत, कोणत्याही बोर्डाच्या, मराठी सक्तीची आहे. बालभारतीची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. रोज अर्धं पान देवनागरी लिहून घेतलं तरी परतल्यावर ‘ळ’ आणि ‘ण’ नव्यानं गिरवावे लागत नाहीत.

पायरी ९: ताप, पाणी आणि गडबडीचे दिवस

सरोवराकाठचा हा पट्टा मलेरियाचा आहे, वर्षभर. मुलाला ताप आला की ‘हवा बदलली असेल’ म्हणून दोन दिवस थांबू नका. त्याच दिवशी रक्ताची चाचणी करा, थोड्या वेळात निकाल मिळतो. मच्छरदाणीत झोपणं नियमच करा. आगाखान रुग्णालय शहरात आहे. सरकारी मोठं रुग्णालय जारामोगी ओगिंगा ओडिंगांच्या नावाचं, पण सोव्हिएत मदतीनं बांधलेलं म्हणून टुकटुकवाल्याला नुसतं ‘रशिया’ सांगितलं तरी तो पोचवतो.

सरोवर बघायचं, त्यात उतरायचं नाही. उथळ, गवताळ पाण्यातल्या गोगलगायींमुळे बिलहार्झिया होतो. नुसते पाय बुडवूनही तो जंतू कातडीतून आत शिरतो. शिवाय पाणघोडे. दिवसा ते पाण्यात सुस्त दिसतात, संध्याकाळनंतर चरायला काठावर येतात. शाळेतले मित्र पोहताना दिसले तरी आपल्या मुलाला कारण सांगून ठेवा, नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही.

किसुमू राजकारणात तापट शहर आहे. आंदोलनाच्या दिवशी कोंडेलेच्या चौकात टायर जळतात, शाळा आदल्या रात्री किंवा पहाटे मेसेज पाठवून बंद ठेवतात. सार्वत्रिक निवडणूक दर पाच वर्षांनी ऑगस्टमध्ये येते, पुढची २०२७ मध्ये. भारतवारी तेव्हाच काढली तर बरं.

पायरी १०: शाळेबाहेरची शाळा

शनिवारी मुलांना न्यायला जागा भरपूर. नैरोबी रस्त्यावरच्या किसुमू म्युझियममध्ये लुओ कुटुंबाचं अख्खं घरकुल उभारलेलं आहे: घरधन्याच्या प्रत्येक बायकोची झोपडी, मुलांच्या झोपड्या, धान्याची कणगी. कोणती झोपडी कुठं आणि का, हे तिथला मार्गदर्शक सांगतो. ते ऐकल्यावर मुलाला वर्गातल्या मित्राच्या गावच्या गप्पा कळू लागतात. सापही आहेत, त्यामुळे मुलं तक्रार करत नाहीत.

दुंगा किनाऱ्यावर सकाळी लवकर जा, मासेमारीच्या होड्या येतात तेव्हा. लाकडी होड्या, आत चकाकणारे मासे, काठावर भाव करणाऱ्या बाया, मागे लव्हाळ्याची दलदल आणि तिच्यातले पक्षी. मासे खाणाऱ्यांनी तिलापिया तिथंच घ्यावा. होडीतून फेरी मारायची तर लाइफ जॅकेट प्रत्येकाला, लहानग्यालाही त्याच्या मापाचं, मिळाल्याशिवाय पाय ठेवू नका. मापाचं नसेल तर फेरी पुढच्या वेळी.

लांब जायचं असेल तर बोंडोच्या रस्त्याला कित मिकायीचे एकावर एक रचल्यासारखे प्रचंड खडक आहेत, आणि मासेनोला विषुववृत्ताची पाटी. भूगोलाच्या पुस्तकातली रेघ मुलांना इथं पायाखाली मिळते.

शाळेची पहिली सहल बहुधा शहरातल्याच इम्पाला अभयारण्यात जाते. तुम्ही स्वतः नेणार असाल तर तिकीट आधीच सरकारी ऑनलाइन यंत्रणेतून काढा, दारावर रोख घेत नाहीत. परदेशी नागरिक म्हणून इथं राहणाऱ्यांसाठी दर वेगळा असतो, त्यासाठी परमिटची प्रत जवळ ठेवा. आणि पाणी स्टीलच्या बाटलीतूनच न्या. एकदा वापरून फेकायची प्लास्टिकची बाटली अभयारण्यात नेता येत नाही.